निळ्या शाईतला रुसवा

भाचीच्या लग्नाची पत्रिका आली. खाली निळ्या शाईत, तिरप्या, लफ्फेदार अक्षरात ओळ होती : 'तुम्ही आला नाहीत तर आम्ही रुसू हं!' मी हुरळून गेले. एवढ्या धावपळीत मुग्धाने माझ्यासाठी हाताने लिहिलं! मग वाटलं, ही मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागली? चष्मा लावून पाहिलं. प्रत्येक काना सारखाच झोकात वळलेला, एकही थकलेला नाही.

बहिणीला फोन केला. "अगं, इतक्या पत्रिका हाताने कोण लिहीत बसणार?" ती म्हणाली. "छापखान्यात तो फॉन्टच असतो. किती गोड दिसतो, नाही?"

गोड! हेच अक्षर मी केकच्या दुकानावर पाहिलंय, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिलंय आणि गेल्या महिन्यात एका श्रद्धांजलीखालीही. तिथेही ते असंच मुरकत होतं. जिव्हाळ्याचा आव आणायचा, पण बोटाला शाई लागू द्यायची नाही. पत्रिकेच्या कोपऱ्यातलं हळदीकुंकूसुद्धा छापलेलं. बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत.

तारीख तेवढी बघून घेतली आणि पत्रिका रद्दीत टाकली. पाकीटही टाकणार, तोच मागच्या बाजूला बॉलपेनने खरडलेलं दिसलं. अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. कुरिअरवाल्याने लिहिलं होतं, 'मावशी, कालही येऊन गेलो, घर बंद होतं. आज दाराखालून सरकवतोय.'

पाकीट मी जपून ठेवलंय.