बाजारात अजून कोण हाय?

दुकानापुढं बाकडं टाकलं की गिऱ्हाईक वाढतं का, ते सांगता येत नाही. किस्से मात्र लई वाढतात! कळंबला माझं औषधाचं दुकान आहे. संध्याकाळी बाहेरच्या बाकड्यावर आम्हा शेअरवाल्यांची बैठक भरते. धान्याचे आडते बारकुल अण्णा, झेडपी शाळेच्या शोभाताई, मी आणि आमचे गुरू टेकाळे सर.

सरांनी कॉलेजात जन्मभर औद्योगिक अर्थशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आम्हाला पकडलं. कुठल्याही कंपनीचं नाव काढा, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाजारात अजून कोण हाय?" नफा नंतर, आधी स्पर्धक! व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कितीतरी भिकार टिपांतून ह्या एका प्रश्नानं आम्हाला वाचवलंय. सरांचे उपकार फिटायचे नाहीत.

*

अण्णांच्या पुतण्याला धाराशिवचं स्थळ आलं. अण्णा खुशीत फोटो घेऊन बाकड्यावर आले. मुलगी शिकलेली, बँकेत नोकरीला, माणसं चांगली. सरांनी फोटो हातात घेतला आणि सवयीनं बोलून गेले, "बाजारात अजून कोण हाय?"

अण्णा असे भडकले! "सर, पोरगी हाय ती! सिमेंट कंपनी न्हाय!"

शोभाताई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, तिनं तुमच्या पुतण्याबद्दल हेच विचारलं तर काय सांगाल?"

अण्णांनी फोटो खिशात घातला आणि त्याच आठवड्यात सुपारी फोडली.

*

चार-दोन कंपन्याच सगळा बाजार धरून बसल्या, की त्याला अर्थशास्त्रात 'अल्पाधिकार' म्हणतात. वाचनालयात त्यावर सरांचं व्याख्यान ठरलं. बॅनर छापणाऱ्याला हा शब्द काही ओळखीचा वाटला नाही. त्यानं आपल्या अकलेनं दुरुस्ती केली: 'अल्पाहार. वक्ते: प्रा. टेकाळे.'

हॉल खच्चून भरला! सरांचे डोळे पाणावले. "कळंबमदी अर्थशास्त्राला एवढी गर्दी!" म्हणाले आणि तासभर बोलले. लोक दरवाज्याकडं बघत बसून राहिले. शेवटी अण्णांनी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी पोहे मागवले.

बाहेर पडताना एक आजोबा सरांचा हात धरून म्हणाले, "लई छान कार्यक्रम. पुढच्या बारीला जेवण ठेवा!"

*

येरमाळ्याला हायवेवर दोन सख्ख्या भावांची शेजारी शेजारी चहाची हॉटेलं. भावांचं बोलणं कैक वर्षं बंद. पण चहाचा भाव वाढला की दोन्हीकडं एकाच दिवशी वाढतो! येडेश्वरीच्या दर्शनाला गेलो तेव्हा सरांच्या ते लक्षात आलं. "ही संगनमताची केस हाय," म्हणत ते थेट थोरल्याच्या गल्ल्यापाशी गेले.

"तुम्ही दोघं बोलत न्हाय, मग भाव ठरतो कसा?"

थोरला म्हणाला, "आई दुपारी माझ्याकडं जेवती अन् संध्याकाळी त्येच्याकडं. भाव तीच ठरवती. मोडला तर दोघांच्याबी घरी जेवत न्हाय!"

सर परतीच्या एसटीत तिकिटामागं काहीतरी मांडत बसले. मग म्हणाले, "पुस्तकात आईचं प्रकरणच न्हाय."

*

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी माझ्या दुकानाच्या बरोबर समोर एका मोठ्या कंपनीचं मेडिकल उघडलं. एसी, काचेचा दरवाजा, बिलावर घसघशीत सूट. वडिलांनी सुरू केलेलं दुकान माझ्या हातून बंद पडणार, असंच वाटायला लागलं. त्यात कळलं, त्या कंपनीचे शेअर सरांकडं आहेत!

सर म्हणाले, "भावावर लढू नका, हरताल. त्यांला जमत न्हाय ते करा." म्हणून मी येरमाळ्याकडच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गोळ्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायला लागलो. स्टँडवर त्यांची नातवंडं उतरवून घ्यायची. हळूहळू माणसं टिकली.

मग एक दिवस सर स्वतःच समोरच्या एसीत शिरले. मॅनेजरला म्हणाले, "मी मालक हाय. थोडासाच, पण हाय. सांगा, बाजारात अजून कोण हाय?"

मॅनेजर टाय सावरत म्हणाला, "कोणीच नाही, सर! आता फक्त आपणच."

सरांनी काचेतून माझ्या दुकानाकडं बघितलं. बाहेर आले, बाकड्यावर बसले आणि तिथूनच मोबाईलवर सगळे शेअर विकले. "कंपनी चांगली हाय हो. पण तिला समोरचं दिसंना."

आत जाऊन मी उगाच बाटल्या पुसत बसलो.

*

आणि हा परवाचा किस्सा. भर दुपारी तोच मॅनेजर घामाघूम होऊन रस्ता ओलांडून आला. त्याची आई गावाकडून आली होती आणि तिचं इन्सुलिन संपलं होतं. त्याच्या दुकानातलंही संपलेलं. माल उद्याच्या गाडीला येणार. मी फ्रिज उघडला आणि इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं.

सर बाकड्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "काय मॅनेजरसाहेब, बाजारात अजून कोण हाय?"

मॅनेजरनं हातातल्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आहेत, सर. हे आहेत."

सर बाकड्यावर थोडे सरकले. "आईला देऊन या. मग बसा हितं."