तिठ्यावर घेतलेली किल्ली

आमच्याकडे थंडी पडते, हे रत्नागिरीतल्या माणसाला पटवून देणं फार कठीण. समुद्राकाठी पौषातही पंखा लागतो, म्हणून साऱ्या जिल्ह्यालाच लागतो असं ते लोक धरून चालतात. आमची वाडी साखरप्याच्या पुढे, आंबा घाटाच्या पायथ्याला. सकाळी तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, उभं राहिलं की दात वाजतात. एवढी साधी गोष्ट कुणी मानेना म्हणून दर्शनाची गाडी विकायला निघाली होती. आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

दर्शना ही आमच्या वाडीतल्या आप्पांची सून. नवरा अनिल मुंबईला कामाला. घरची जुनी डिझेल जीप आधी आप्पा चालवायचे; त्यांची नजर अधू झाली तेव्हा दर्शनाने ती हातात घेतली. लग्नाआधी तिला सायकलसुद्धा येत नव्हती. ती गाडी शिकायला लागली तेव्हा वाडीने तोंडं वाकडी केली, आणि पुढे त्याच तोंडांनी "दर्शना, जागा ठेव गो" म्हणायला सुरुवात केली. शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, शिवणाचं दुकान उघडायला जाणारी मी, सगळी तिच्याच भरवशावर. वळणं घेताना ती गुणगुणायची. घरात मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

आप्पांचं घर पाखाडीवर. तेवढ्या पायऱ्या गाडी चढणार कशी, म्हणून ती रात्रभर तिठ्यावर दव खात उभी. तुळशीचं लग्न झालं, थंडी सुरू झाली आणि गाडीने सकाळी दगा द्यायला सुरुवात केली. स्टार्टर फिरायचा, इंजिन खोकायचं, मागून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास, की गप्प. आम्ही बाया उतरून धक्का मारायचो. एकदा चालू झाली की मात्र दिवसभर तक्रार नाही.

"थंडीनं होतंय," दर्शना पहिल्या दिवसापासून म्हणत होती. ऐकतंय कोण? धक्का मारायला न उतरलेले बापयेच म्हणायचे, बाईच्या हातात गाडी टिकत नाही.

तिने गाडी रत्नागिरीला धाकू मेस्त्रींकडे नेली. पन्नास किलोमीटर धावून तापलेली गाडी, भर दुपार. धाकूने किल्ली फिरवली, गाडी चालू. तरी ती हट्टाने गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून आली. सकाळी धाकूने किल्ली फिरवली, पुन्हा चालू. "वयनी, गाडीला काय झालेलं नाय," तो हसून म्हणाला. "तुमचा हात जड हाय." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने आप्पांना फोन करून तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा काठी टेकत तिठ्यावर आले. पोरं, बाया, दूधवाला, सगळे उभे. गाडी खोकली आणि मेली. आप्पांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढली. "माज्या हातात इतकी वर्सं चालली. हिच्याच हातात गाडीला रोग कसा होतो?" सगळ्यांच्या देखत. दर्शना खाली उतरली आणि पाखाडी चढून गेली. संध्याकाळी कळलं, राजापूरचं गिऱ्हाईक ठरलं, संक्रांतीनंतर गाडी घेऊन जाणार. त्या तिठ्यावर मीही उभी होते आणि राग गिळून दुकान उघडायला गेले होते.

दर्शना रडत बसली नाही. दोन दिवसांनी माझ्या दुकानात आली. "काकी, एक ध्यानात आलं. आभाळ आलं की गाडी चालू होते. ज्या दिवशी बागायतदार मोहोर जाणार म्हणून कपाळाला हात लावतात ना, त्या दिवशी पहिल्या फटक्यात. आभाळ साफ असलं, दव पडलं, की मेली. थंडीच हाय ती. चला माज्यासोबत."

आम्ही एसटीने रत्नागिरीला गेलो. धाकू गॅरेजच्या मागे आपल्या हापूसच्या कलमांकडे तोंड पाडून बघत होता. "थंडीच नाय औंदा," तो म्हणाला. "मोहोर यायचा कसा?"

"तुमच्या कलमाला थंडी मिळत नाय, हे तुमाला कळतं," दर्शना म्हणाली. "मग माजी गाडी तितंच ठेवून तिचा थंडीचा आजार तुमाला दिसंल कसा, मेस्त्री? आमच्याकडं रातीला ऱ्हावा. सकाळी तुमी चालू करा. झाली तर मी परत तोंड उघडनार नाय."

धाकूने कान खाजवला. शनिवारी आला; असू देत म्हणून सुटे भागही पिशवीत टाकून आणले. रात्री दोन गोधड्या घेऊन झोपला आणि सकाळी मफलर गुंडाळून तिठ्यावर उतरला. आप्पांनी त्याला किल्ली दिली. स्टार्टर फिरला. पांढरा धूर. गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा गप्प. हात बापयाचाच होता, मी नीट पाहून घेतलं.

मग त्याने बॉनेट उघडलं. डिझेल इंजिनाला थंडीत आतून ऊब देणारे हीटर प्लग असतात. चारातले दोन जळून गेलेले निघाले. रत्नागिरीच्या हवेत उरलेल्या दोहोंवर भागत होतं, आमच्या हवेत भागत नव्हतं. त्याने नवे बसवले, आणि दुसऱ्या सकाळी दवाने भिजलेली गाडी एका फटक्यात चालू झाली.

आणि लोक काय म्हणाले? "धाकूनं बरोबर फॉल्ट काढला हां." धाकूने! जी बाई महिनाभर हेच सांगत होती तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. आप्पांनी राजापूरला फोन करून सौदा मोडला. दर्शना भाकऱ्या थापत होती, तिथे जाऊन हळूच किल्ली परातीशेजारी ठेवली. "घे. चालव उद्यापासून." मी पडवीत बसले होते, मला सगळं दिसत होतं.

दर्शनाने पिठाचे हात पुसले नाहीत. "तिठ्यावर घेतलीत ना, आप्पा? तिठ्यावरच द्या."

आप्पा किल्ली उचलून निघून गेले.

सकाळी आम्ही नेहमीसारखे तिठ्यावर जमलो. दर्शना गाडीशी उभी होती, हात पदरात. आप्पा पाखाडी उतरून आले, एकेक पायरी चाचपत. तिच्यापुढे किल्ली धरली आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, "फॉल्ट गाडीत व्हता. हिच्या हातात नव्हता."

दर्शनाने किल्ली घेतली नाही. माझ्याकडे पाहिलं.

कान माझे अजून ठणठणीत आहेत. तरी मी म्हटलं, "काय म्हणालात, आप्पा? ऐकू नाही आलं."

आप्पांनी मान वर केली आणि ते पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग तिने किल्ली घेतली.