हत्तीने खाल्लेली भिंत

‘भिंतीला कुणी हात लावायचा नाही’ या बाईंच्या वाक्याचं इंग्रजी मी ‘ही खोली आपलीच समजा’ असं केलं. दोन्ही भाषा मला येत होत्या, शुद्धीत होतो, तरी केलं.

बाई म्हणजे बालाजी घाटामागच्या गल्लीतल्या बाई. देवळाच्या खालच्या अंगाला एक ओलसर खोली होती, तिथे त्या नावाड्यांच्या पोरांना शिकवायच्या. मी बँकेतून निवृत्त होऊन एका संस्थेत दुभाषा म्हणून चिकटलो होतो. संस्था परदेशातून कॉलेजची मुलं आणायची. त्यांनी तीन आठवडे आमचा विकास करायचा, त्यातून शिकायचं, आणि परत गेल्यावर त्याचे मार्क घ्यायचे. तुम्ही काशीला आला असाल तर पाहिली असतील. एकसारखे टीशर्ट, हातात बाटली, आणि चेहऱ्यावर असा भाव की गंगा आत्ताच त्यांनी शोधून काढली.

पहिल्या दिवशी मी त्यांना वर्गावर नेलं. बाईंनी कानामागचा खडू काढला, त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, “कधी जाणार?”

मी इंग्रजीत म्हणालो, “विचारतायत, प्रवास कसा झाला?”

“तीन आठवड्यांत पोरांना लळा लावतील आणि उडून जातील. मग महिनाभर रडकी पोरं मी सांभाळू?”

“म्हणतायत, मुलं तुमची वाटच पाहत होती.”

पाहुण्या मुली डोळे पुसायला लागल्या. बाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माणूस कळायचा. मला म्हणाल्या, “तू गोड करतोयस. गोड करू नकोस, सांगून ठेवते.” आम्ही एकाच गल्लीत वाढलो, त्यामुळे हे त्या मला लहानपणापासून सांगत आल्या. मला सवयच तशी. समोरच्याचा चेहरा पडला की माझा जीव कासावीस होतो, मग तोंडातून पेढे पडायला लागतात.

आता भिंतीचं सांगतो. खोलीत फळा नव्हता. बाईंनी भिंत खालपासून खिडकीपर्यंत काळी रंगवून घेतली होती आणि प्रत्येक पोराला तिच्यावर हातभर जागा नेमून दिली होती. नवं पोर फरशीजवळ बसून लिहायचं. धडा पक्का झाला की जागा वर सरकायची. जो खिडकीला लागला, तो मोठ्या शाळेत. अख्ख्या घाटाला हा हिशेब पाठ होता. मुनिया नावाच्या पोरीच्या बापालाही. तो नाव चालवायचा. पोरीला लॉजवर झाडू-पोछ्याला लावायचं त्याच्या मनात होतं, पण बाईंनी गल्लीसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, “खिड़की तक पढ़ेगी, फिर जो करना हो करो.” मुनिया तेव्हा खिडकीच्या चार बोटं खाली होती. खिडकी आली की पुढे काय, ही बाईंची काळजी.

तर बाई भाचीच्या लग्नाला प्रयागला गेल्या आणि जाताना ते वाक्य सांगून गेल्या. मी ते वर दिल्याप्रमाणे पोचवलं. आपलीच खोली म्हटल्यावर पाहुण्यांना वाटलं, बाईंना काहीतरी भेट द्यावी. रंगाचे डबे आले. भिंतीवर गंगा उगवली, सूर्य उगवला आणि मधोमध एक भलामोठा निळा हत्ती. मीही हात मारला. हत्तीची शेपटी माझी. लोक तिला दोरी समजत.

बाई परतल्या तेव्हा पोरं भिंतीसमोर खडू घेऊन उभी होती. चकचकीत तेलरंगावर खडू नुसता घसरत होता. मुनिया खिळ्याने हत्तीच्या पोटावर भागाकार कोरत होती.

बाई ओरडल्या नाहीत. शांतपणे मला म्हणाल्या, “आता मी बोलते ते जसंच्या तसं सांग. एक शब्द गोड केलास तर हा खडू तुझ्या घशात.”

मी जसंच्या तसं सांगितलं. आधीचं सगळंही सांगायला लावलं त्यांनी, अगदी ‘कधी जाणार’पासून. बोलताना मी मुद्दाम शेपटीकडे पाहत होतो. मघापर्यंत मला अंकल म्हणणारी ती मुलं माझ्याकडे असं पाहायला लागली, जसं घाटावर पाकीट मारणाऱ्याकडे बघतात. एक उंच मुलगी म्हणाली, “त्या आम्हाला विचारत होत्या. तुम्ही आम्हाला उत्तर का देऊ दिलं नाहीत?” याचं भाषांतर मी बाईंना करून सांगितलं नाही. तरी बाई म्हणाल्या, “बरोबर बोलते आहे पोरगी.”

तेवढ्यात मुनियाचा बाप दारात. त्याने भिंत पाहिली आणि खुशीत हसला. “हाथी तो पूरी दीवार खा गया, बाई! अब कौन-सी खिड़की, कैसी खिड़की? कल से लॉज भेज देंगे.” मुनियाने खिळा मुठीत धरला. पहिल्यांदाच मला गोड काही सुचलं नाही.

बाईंनी पदराला खडूची बोटं पुसली. “ठीक कहते हो भइया. हाथी सब खा गया. मुनिया भी मिट गई.” मग त्यांनी फरशीजवळची जागा दाखवली. “अब यहाँ से शुरू करेगी. शर्त खिड़की की है. ज़बान दी थी कि नहीं?”

गल्लीतली माणसं दाराशी जमली होती. बाप त्यांच्याकडे बघत राहिला, मग काहीतरी पुटपुटत घाट उतरून गेला.

उरलेले दिवस विद्यार्थ्यांनी हत्ती खरवडला आणि भिंत काळी केली. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. पाणीही आपापलं घेत. निघताना त्यांच्याबरोबर आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, अहवालात काय लिहू? बाई म्हणाल्या, “लिहा, काळी भिंत काळी केली.” हेही मी जसंच्या तसं सांगितलं. फोटो बाईंनी काढू दिला नाही.

मुनिया मग कित्येक वर्षं फरशीजवळ बसून होती. बापाला वाचता येत नव्हतं, त्याला फक्त जागा दिसायची. तिथे ती आधी अपूर्णांक सोडवायची, मग बीजगणित, मग इंग्रजी निबंध. मान पार गुडघ्यात घालून.

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. खडू शेवटपर्यंत कानामागे होता, तो कुणी काढावा यावर बायकांत थोडा वाद झाला. आता मुनिया कॉलेजात जाते आणि संध्याकाळी तोच वर्ग घेते.

परवा तिथे नवी तुकडी आली. नवे टीशर्ट, त्याच बाटल्या. मी मुनियाला म्हटलं, “बघ, माझी चूक झाली नसती तर तू चार बोटांवरच संपली असतीस.” मग मी घसा खाकरून पाहुण्यांपुढे झालो.

मुनियाने कानामागचा खडू काढला आणि मला हाताने बाजूला केलं. मराठी ती बाईंकडूनच शिकली, सूरही तोच.

“काका, तुम्ही राहू द्या. बाई सांगून गेल्यात, तुमच्याकडून फक्त चहा मागवायचा.”