गॅरेथच्या मागे कोण होतं

हे मी आजवर कुणापुढेही बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आईपुढे नाही. आणि मराठीत का लिहितोय, तेही आधीच सांगून टाकतो — कारण गॅरेथला मराठी येत नाही. माझ्या जुन्या टीममधल्या एकालाही येत नाही. आईने दर रविवारी डायनिंग टेबलवर बसवून जी भाषा माझ्याकडून गिरवून घेतली, ती मी आता लपायला वापरतोय. सांगायचं तर आहे, पण पकडलं जायचं नाही. मी कसा माणूस आहे, ते एवढ्यावरूनच कळलं असेल, नाही का?

मी अकरा वर्षं प्रोफेशनल आइस हॉकी खेळलो. आगाशे आडनावाचा माणूस हे सांगतो तेव्हा इथले लोकही दोनदा विचारतात. बाबा साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, आई शाळेत मॅथ्स शिकवायची. मी नऊ वर्षांचा असताना कुणाच्या तरी बर्थडे पार्टीला बर्फाच्या रिंकवर गेलो आणि घरी यायला तयार होईना. बाबांना वाटलं, जाईल हे खूळ. गेलं नाही. पुढे वेम्बलीला कुणाकडे गणपतीला गेलो की काकालोक माझा दंड दाबून म्हणायचे, "काय हिंमत आहे रे तुझी."

हिंमत. हो. त्याबद्दलच बोलायचंय — पण थोडं थांबा, जरा लांबून येतो.

मी डिफेन्सला खेळायचो. तिथे दोघांची जोडी असते. माझा जोडीदार गॅरेथ. वेल्सचा, बुटका, अखंड बडबड. आगाशेचं 'ॲगी' त्यानेच केलं. प्रत्येक मॅचआधी केळं खायचा आणि साल माझ्या स्केटमध्ये कोंबून ठेवायचा. सहा सीझन आम्ही एकत्र खेळलो. माझ्या लग्नात तो फेटा बांधून दिवसभर फिरला, रात्री झोपतानाही काढायला तयार नव्हता असं त्याची बायको मेगन सांगते.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. समोरची टीम पक, म्हणजे ती रबराची चकती, तुमच्या मागच्या कोपऱ्यात भिरकावते. ती आणायला तुम्ही वळता. वळलात की तोंड भिंतीकडे, पाठ सगळ्या जगाकडे. मागून कोण येतंय, किती जवळ आलंय, काही दिसत नाही. तेव्हा तुमचा जोडीदार तुमचे डोळे असतो. त्याने ओरडून सांगायचं. 'मॅन' म्हणजे मागे माणूस आहे, पक ताबडतोब माझ्याकडे सोड. 'टाइम' म्हणजे कुणी नाही, आरामात घे. दोनच शब्द. लहान मुलांनाही पहिल्या वर्षी शिकवतात.

आमच्या सहाव्या सीझनच्या सुरुवातीला माझं कॉलरबोन मोडलं होतं. ज्याने मोडलं तो चव्वेचाळीस नंबर — सहा फूट पाच इंच, आणि एवढ्या मोठ्या माणसाला शोभणार नाही इतका वेगवान. हाडात प्लेट आणि सात स्क्रू बसले. तीन महिन्यांनी परत आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड आता पहिल्यापेक्षा मजबूत आहे. असेल. पण मागून स्केट्सचा आवाज आला की माझे डोळे आपोआप मिटायचे. तो आवाज ऐकलाय कधी? करकर, करकर, आणि प्रत्येक वेळी जवळ. मॅचआधी मी टॉयलेटमध्ये नळ सोडून उलटी करायचो, म्हणजे बाहेर ऐकू जायचं नाही. कुणी विचारलं की म्हणायचो, ऑल गुड. एका माणसाला तरी सांगायला हवं होतं — गॅरेथला. पण मी भित्रा आहे हे कळल्यावर तो माझ्याबरोबर खेळला असता का?

चव्वेचाळीस नंबरच्या टीमशी आमची मॅच फेब्रुवारीत आली. शेवटची दहा मिनिटं. पक गॅरेथच्या कोपऱ्यात गेला, गॅरेथ वळला, मी गोलच्या नेटच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि मान फिरवून पाहिलं.

तो येत होता. सरळ, पूर्ण वेगात, डोळे पकवर. पक ज्याच्याकडे जाईल त्याच्यावर तो जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी 'मॅन' म्हणालो असतो तर गॅरेथने पक मला दिला असता. नेहमी द्यायचा, न बघता.

मी 'टाइम' म्हणालो.

गप्प राहिलो असतो तर निदान म्हणता आलं असतं — सुचलं नाही, गोंधळलो. पण मी शब्द निवडला. मोठ्याने, नीट ऐकू जाईल असा. आणि गॅरेथने माझं ऐकलं. खांदे सैल सोडले, मान वर केली, पुढे पक कुणाला द्यायचा ते बघायला लागला. माझ्यावर विश्वास ठेवल्यामुळे त्याचं अंग सैल पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या धडकेने भिंतीवरची काच बराच वेळ हलत होती. गॅरेथ हलत नव्हता.

तो पुन्हा कधी खेळला नाही. मेंदूला मार, मानेचे दोन मणके. आठ दिवसांनी बोलायला लागला तेव्हा त्याला त्या दिवशीचं काहीच आठवत नव्हतं, केळंसुद्धा नाही. मी त्याच्या पलंगाशी बसलो होतो. तो म्हणाला, "ॲगी, तू ओरडला असशीलच. मीच ऐकलं नसणार."

मी म्हणालो, "हो. ओरडलो होतो. गर्दीचा आवाज फार होता."

शब्दश: खरं होतं ते. विचार केला होता मी त्याचा, आत जाण्याआधी, कॉरिडॉरमध्ये उभं राहून.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मॅचच्या व्हिडिओत फक्त गर्दी ऐकू येते. मी तो किती वेळा, कान लावून ऐकलाय ते विचारू नका. मी रिटायर झालो तेव्हा गॅरेथ काठी टेकत बर्फावर आला आणि माइकवर म्हणाला, याच्याइतका सेफ जोडीदार मला मिळाला नाही. लोक उभे राहिले. मला वाटलं, आता माझं तोंड आपोआप उघडेल आणि सगळं बाहेर पडेल. मी हात हलवला.

इथवरच असतं तर कदाचित लिहिलंही नसतं. पण मागच्या महिन्यात मी रीडिंग शहराच्या स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होतो आणि गॅरेथचा फोन आला. आवाज वेगळा होता, दबलेला.

"एक विचित्र गोष्ट आहे," तो म्हणाला. "काही काही परत येतंय मला. तो कोपरा आठवतो. आणि तू — तू 'टाइम' म्हणतोयस असं आठवतं. असं कसं असेल?"

प्लॅटफॉर्मवर माणसं होती, अनाउन्समेंट चालू होती. सात वर्षं ज्याची भीती होती ते हेच. आणि त्याने मला आरोप म्हणून नाही, मदत मागावी तसं विचारलं होतं.

मी म्हणालो, "नाही रे. मेंदू रिकाम्या जागा काहीतरी घालून भरतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुला? असं होतं."

तो म्हणाला, "सॉरी, ॲगी. असलं विचारायलाच नको होतं."

मी म्हणालो, "इट्स ओके."

गेल्या आठवड्यात मेगनचा मेसेज आला. गॅरेथ हल्ली सगळं वहीत लिहून ठेवतो. दुपारी जेवल्यावर तिला विचारतो, मी जेवलो ना, खरंच जेवलो ना? इतकी वर्षं असं नव्हतं, हे गेल्या महिन्यातच सुरू झालंय, असं ती लिहिते. तो स्वत:च्या कुठल्याच आठवणीवर विश्वास ठेवायला तयार नाही. असं अचानक का झालं असेल, तुला काही बोलला होता का, असं तिने मला विचारलंय.

मी लिहिलं, नाही.