पार्वतीच्या वेणीतला केवडा

चवथ आठ दिवसांवर आली की चितारी गणपतीमागची भिंत रंगवायला आमच्याकडे यायचा. हुंगल्याशिवाय त्याने कधी भिंतीवर फूल काढलं नाही. बिनवासाची जास्वंदसुद्धा नाकाशी धरायचा आणि "गणपतीचीच गो तू!" असं तिलाच सांगायचा.

त्या वर्षी त्याने शंकर-पार्वती काढले. आम्ही पोरं ओरडलोच! पार्वतीच्या वेणीत पिवळाधमक केवडा! आईने हातातली परात खाली ठेवली. तिच्या माहेरी खाडीकाठी केवड्याचं बन होतं. पण केवड्याने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने त्याला दूर केलेलं, आणि आमचं कुलदैवत शंकर. त्यामुळे आमच्या घरात केवडा कधी यायचाच नाही.

काका तरातरा आले. "शंकराक केवडो चलना नाय! पूस आधी!"

तो सावकाश स्टुलावरून उतरला आणि हातातला कुंचला त्याने काकांपुढे धरला. "केवड्याचा मूळ चेचून केलेलो कुंचलो हा. आख्खो शंकर ह्याच कुंचल्यान काढलंय. सगळोच पुसू?"

काका कुंचल्याकडे बघत राहिले, मग भिंतीवरच्या शंकराकडे.

"रवांदे तसोच," ते शेवटी म्हणाले.

चवथीला आरती सुरू झाली आणि माजघरभर केवड्याचा घमघमाट सुटला. काकांचे टाळ थांबले. ते भिंतीवरच्या पार्वतीकडे टक लावून बघू लागले.

त्यांच्या मागे उभ्या आईने डोक्यावरचा पदर हळूच वेणीवर नीट ओढून घेतला.