सुखदेवकडं न गेलेली रेघ

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाय. तुला सांगतोय — का, ते विचारू नको.

उस्मानपुऱ्यात माझी लेथ मशीन होती. कारखाना म्हणायचो, होती पत्र्याची खोली. शाळा चौथीपर्यंत, पण हातच्या कामाचा गर्व लई. वाळूजला कंपन्या येत होत्या, आमच्या गल्लीत किरकोळ कामं झिरपत होती. आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून माणसं एकमेकांकडं पाठ करून चहा पीत होती.

शेजारची खोली सुखदेवची. बौद्ध. मोर्च्यात पुढं असायचा. माझ्या मशीनचा गिअर गेला की माझा माल त्याच्या मशीनवर निघायचा. मी मागच्या दारानं जायचो. पुढून गेलो असतो तर कुणी हात तोडला असता? नाय. तरी मागूनच.

मग कॉलेजातला एक मास्तर आला. छोटे कारखानदार एकमेकांना कसे धरून राहतात, याचा अभ्यास करायला. भलामोठा कागद, प्रत्येकाचा एक गोल. काम अडलं तर कुणाकडं जाता? ज्याचं नाव घ्याल त्याच्या गोलाकडं रेघ. फक्त त्यानं हे सगळ्यांना टपरीवर एकत्र बसवून विचारलं — पण त्याची चूक कशाला काढू?

सुखदेवनं माझं नाव घेतलं. कुणीतरी हसलं, "काय अण्णा, नवा सोयरा का?"

मग माझी पाळी. मी म्हणालो, "मी कुणाकडं जात नाय. हाच येतो हत्यारं मागायला."

मास्तरनं त्याच्याकडं बघितलं. सुखदेवनं बशीतला चहा संपवला. "अण्णा म्हणतात तर व्हय."

आणखी दोघं जायचे त्याच्याकडं. माझं ऐकून त्यांनीही त्याचं नाव घेतलं नाय.

त्या कागदावरून मास्तरनं सुचवलं — ज्यांच्याकडं रेघा जातात त्यांची सोसायटी करा. झाली. वाळूजचं काम मिळालं. मी चेअरमन. सुखदेवकडं एकही रेघ नव्हती. तो कुणाच्या उपयोगाचा नाय, असं ठरलं. मी तिथंच बसलेलो होतो.

थोड्याच दिवसांत माझा गिअर पुन्हा गेला. गेलो — मागून. त्यानं आपलं काम उतरवलं, माझं चढवलं. शिवी तरी द्यायची!

पुढं गल्लीतलं सगळं काम सोसायटीकडं वळलं. त्याला मशीन विकावी लागली. तो वाळूजला शिफ्टच्या बसनं जायला लागला. मशीन सोसायटीनं घेतली, माझ्या सहीनं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्या पुढच्या दारानं आत गेलो. मशीन उचलायला.