केमिस्ट्री हातात असते

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला मुद्दाम शिवून घेतलेला पांढरा अ‍ॅप्रन दिला. ते शाळेत केमिस्ट्री शिकवायचे. "बाबा, तिकडे मिळतो," मी म्हटलं. "तिकडचा तुझ्या मापाचा नसेल," एवढंच बोलले आणि 'जय भीम' करून वळले. आई मात्र काचेपाशी उभी राहिली.

लीड्सला मेडिसिनल केमिस्ट्रीच्या एमएस्सीत मी रमले. औषध होऊ शकेल असा रेणू आधी कागदावर काढायचा, मग फ्लास्कमध्ये स्वतः घडवायचा. माझ्या रेणूचे पहिले स्फटिक फिल्टर पेपरवर चमकले, तेव्हा कॉलिंग कार्ड घेऊन मी बाबांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला सांगितलं.

फेब्रुवारीत बोटांवर पुरळ उठलं. फ्लॅटमधल्या मुली म्हणाल्या, थंडीनं होतं. मी क्रीम चोपडत राहिले. मग एका सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. पॅच टेस्ट झाली. रेणूचे तुकडे जोडायला आम्ही जे रसायन वापरायचो, त्याचीच अ‍ॅलर्जी निघाली, ग्लव्ह्ज घालूनही. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. सुपरवायझर बाई हळूच म्हणाल्या, "आता लॅबमध्ये नाही जायचं, लव्ह." आपण 'बाळा' म्हणावं तसं तिकडे 'लव्ह' म्हणतात. माझा प्रोजेक्ट कॉम्प्युटरवर गेला.

"केमिस्ट्री हातात असते," हे बाबांचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशी माझं ऐकून त्यांनी फोन आईकडे दिला. तिनं विचारलं, "परत येतेस का?" मी नाही म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर तिथेच रडत बसले.

पास झाले. आता लेस्टरला असते, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं लिहिते. नोकरी चांगली आहे. तरी एखाद्या लॅबवरून जाताना सॉल्व्हंटचा वास आला की पाय रेंगाळतात.

शिक्षण संपवून पहिल्यांदा नागपूरला गेले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोणतं औषध शोधलंस गं?" मी हात ओढणीखाली घेतले. त्या गेल्यावर आईनं माझा हात ओढून उलटा-सुलटा करून पाहिला. लीड्सला सगळ्यांनी विचारलं होतं, कशाला हात लावलास? आईनं विचारलं, "दुखतं का अजून?"

दुखत नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

माझं घर आता लेस्टरला आहे, मॉर्गेजसकट. पण ते 'हो' तिथे मला कुणाला म्हणता आलं नसतं.